फुलावरची फवारणी

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. ती तेव्हा पालमला माहेरी गेली होती. आल्यावर मी जे सांगितलं, तेच ती आजही खरं मानते.

लिहायला बसलो की आधी दुसरंच काहीतरी लिहावंसं वाटतं. ऊन वाढलं, पावसाचा नेम राहिला नाही, ओढ्यात मासा दिसत नाही — सगळं खरंच आहे. पण त्यात माझं नाव कुठं येतं? माणसानं सगळ्याची वाट लावली, असं मी पारावर बसून कितीदा म्हणालोय. माणसानं. म्हणजे कुणी?

आमचं रान देवगाव फाट्याहून आत. कपाशी, सोयाबीन असतंच, पण मी थोड्या जागेत कांद्याचं बी धरतो. थंडी सरताना कांद्याला पांढरे गोंडे येतात आणि त्यांवर मधमाश्या बसल्या तरच बी भरतं. बांधापलीकडं माझ्या थोरल्या चुलतभावाचं रान. त्याची बायको शांतावैनी परभणीला जाऊन मधमाश्या पाळायचं शिकून आल्या आणि त्यांनी बांधावर आठ पेट्या मांडल्या. वैनी एरवी कमी बोलायच्या, पण माश्यांचा विषय निघाला की थांबायच्या नाहीत. त्या साली माझं बी असं भरलं, की गोंडा हातात जड लागायचा.

वैनींचं मागणं एकच होतं. कांदा फुलावर असताना फवारू नका. फवारायचंच झालं तर सांजेला, आणि आदल्या दिवशी सांगा, म्हणजे पेट्यांची दारं लावून घेता येतील. मी हो म्हणालो होतो.

पुढच्या वर्षी कांद्यावर फुलकिडे आले. पीक जाईल म्हणून मी घाबरलो का? नाही — हेही सांगून टाकतो. दुपारी सेलूला एक साखरपुडा होता आणि सांजेला परत येऊन फवारायचा मला कंटाळा आला होता. एवढंच. सकाळी नऊला मी पंप पाठीवर घेतला. दुकानदारानं सांगितलेल्याच्या दुप्पट औषध घातलं, शिवाय घरात पडलेलं दुसरं एक मिसळलं. माश्या हाताभोवती फिरत होत्या. मला दिसत होत्या. खिशात फोन होता.

दुसऱ्या दिवशी पेट्यांपुढं मेलेल्या माश्यांचा थर पडला होता. काही जिवंत होत्या, जागच्या जागी गरगर फिरत होत्या. वैनी त्या हातानं गोळा करून सुपात भरत होत्या. मला बघून त्यांनी विचारलं, "भावजी, तुमी फवारलं व्हतं का?"

"न्हाई," मी म्हणालो.

तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण नाही थांबलो. "तुमी त्यांना साखरेचा पाक ठेवता ना? त्यातच काही गेलं असंल."

वैनी सूप धरून उभ्याच राहिल्या. पाकाच्या डब्यात आधी काय होतं, ते त्यांना आठवेना. मग हळूहळू त्यांना ते पटलं. पटताना मी त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

बचत गटातल्या बायकांना वैनींनी स्वतःच सांगितलं, "चूक माझीच." चुलतभाऊ त्यांना लय बोलला. मी तिथंच चहा पीत होतो. रिकाम्या पेट्या गोठ्याच्या माळ्यावर गेल्या.

ओढ्यावरच्या उंबराला दरसाल मोहोळ लागायचं. दोन-तीन वर्षांत तेही लागेनासं झालं. आता रोज कुणाच्या ना कुणाच्या रानात पंप चालू असतो. सगळ्या माश्या मी एकट्यानं मारल्या असं नाही. पण त्या दिवशी वैनींना हो, मीच फवारलं म्हणालो असतो, तर त्या कशानं मेल्या हे गावाला एकदा तरी कळलं असतं. कुणी ऐकलं असतं का? माहीत नाही. मी कळूच दिलं नाही.

आता गोंडे पोकळ राहतात. म्हणून मी रोजानं बायका लावतो. हाताला मऊ फडकं गुंडाळून त्या एकेका गोंड्यावरून हात फिरवतात. माशीचं काम माणसं करतात, आणि तरी निम्मंच बी भरतं. वैनीही येतात. सगळ्यांत हलका हात त्यांचा. परवा एका नव्या बाईला त्या सांगत होत्या, "हळू फिरव गं. माझ्या एका चुकीनं लय जीव गेलेत." मी दोन ओळी सोडून ठिबकची नळी जोडत होतो.

सोमवारी परत फुलकिडे दिसले. मी भर उन्हात पंप घेतला. बायका काम थांबवून बांधावर जाऊन बसल्या. औषध माझ्या नाकातोंडात जाईल म्हणून वैनी उठून आल्या आणि त्यांनी आपल्या हाताचं फडकं सोडून मला दिलं. मी ते तोंडाला बांधलं आणि पुढच्या ओळीत शिरलो.