सारवलेला खंदक

एकाहत्तरच्या लढाईत नागपुरातही अंगणात खंदक खणून घेतले. आमचा सासूबाईंनी शेणाने सारवला, काठावर ठसठशीत रांगोळी घातली. ब्लॅकआउट तपासायला आलेला माणूस भडकला, “विमानातून दिसते ना हे!”

“माणसं बसतीन त्याच्यात. भुई तशीच काहून ठेवू गा?” सासूबाई म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रांगोळी मीच पुसली.

विमान आलंच नाही. लढाई संपली, शेजाऱ्यांनी खंदक बुजवले. आमच्याकडे गडी फावडं घेऊन आला, तर सासूबाई काठावर ठाण मांडून बसल्या. “सारवलेली जागा बुजवत नसतात.”

पुढे माझ्या मुली त्यात भातुकली मांडायच्या. दिवाळीत काठावर रांगोळी मी घालायची, विमानातून दिसेल एवढी मोठी.