आन्सेल्मोचा गुडघा आणि सलमाबादची कबड्डी

"तिकीट काढू का नको, एवढंच सांग. बाकीचं तुझं मेडिकल इंग्लिश नको," अबू खालिद म्हणाला.

अबू खालिद आमच्या क्लबचा मॅनेजर. धिप्पाड बहारिनी गृहस्थ, मनाने फार चांगला, पण फुटबॉलचा सीझन सुरू झाला की ते चांगलं मन कपाटात ठेवून यायचा. ज्याचं तिकीट काढायचं होतं तो माझ्यासमोर टेबलावर उताणा पडून छताकडे बघत होता. आन्सेल्मो. स्पेनचा डिफेंडर, वय चौतीस. उजवा गुडघा सोललेल्या नारळाएवढा सुजलेला.

मी फिजिओथेरपिस्ट. ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट आहे, तेव्हा हा शब्द ऐकून लोक "म्हणजे मालिशवाले का?" असं विचारायचे. सांगलीला माझ्या सख्ख्या मामांनीही विचारलं होतं. डॉक्टर हाड जोडतो, आणि त्या हाडावर माणसाला पुन्हा उभं करतो तो मी, असं मी सांगायचो. तरी मामांचा चेहरा पडलेलाच. सकाळी मी हॉस्पिटलमध्ये ड्यूटी करायचो आणि संध्याकाळी या क्लबमध्ये.

आन्सेल्मो आल्यापासून सहा आठवडे एकच चाललं होतं. शनिवारी तो सुजलेला गुडघा घेऊन यायचा. मी बर्फ लावायचो, अल्ट्रासाउंड द्यायचो, म्हणजे ध्वनिलहरींचा शेक, मांडीचे व्यायाम घ्यायचो. बुधवारपर्यंत सूज उतरायची. टेपने दोन्ही गुडघ्यांचा घेर मोजून मी फाइलमध्ये "गुड प्रोग्रेस" लिहायचो. शुक्रवारी मॅच. शनिवारी गुडघा परत नारळ. अल्ट्रासाउंडचं मशीन नवंकोरं होतं आणि मला त्याचा फार अभिमान होता. त्या मशीनवर धुळीचा कण बसू द्यायचो नाही.

"क्लबचे डॉक्टर म्हणतात, खलास, घरी पाठवा," अबू खालिद म्हणाला. "तू रोज लिहितोस गुड प्रोग्रेस. कुणाचं खरं?"

"अजून थोडा वेळ दिलात तर..."

"एक सांग. याला खेळताना तू कधी बघितलंस?"

खोटं बोलता येईना आणि खरं सांगायची लाज वाटत होती. मी त्याची एकही मॅच बघितली नव्हती. कारण मॅच असायची शुक्रवारी दुपारी चारला, आणि शुक्रवारी दुपारी चारला मी सलमाबादला असायचो. तिथे वर्कशॉपच्या मागच्या मोकळ्या जागेत आपल्या लोकांची कबड्डी चालायची. वेल्डर, ड्रायव्हर, फिटर, बहुतेक सगळे रत्नागिरीकडचे, थोडे सातारा-सांगलीचे. मी त्यांचा पंच. कॉलेजात मी कबड्डी खेळलेला माणूस. आठवडाभर कोट घालून लोकांचे गुडघे दाबायचे आणि शुक्रवारी शिट्टी फुंकायची, यावर माझं बहारिनमधलं आयुष्य उभं होतं. मॅचला जायचं मनातच आलं नाही.

"या शुक्रवारी ये," अबू खालिद म्हणाला. "मग बोल."

गेलो. आमच्या क्लबचं मैदान म्हणजे पाणी मारून, रोलर फिरवून घट्ट केलेली वाळू. गवत नावालाही नाही. समोरच्या टीममध्ये एक बुटका विंगर होता, म्हणजे कडेकडेने बॉल पळवणारा, वयाने आन्सेल्मोच्या निम्मा असेल. तो बॉल घेऊन अंगावर आला की आन्सेल्मो दुरूनच स्वतःला जमिनीवर झोकून द्यायचा आणि घसरत जाऊन पायाने बॉल काढायचा. याला स्लायडिंग टॅकल म्हणतात. ओल्या गवतावर माणूस साबणाच्या वडीसारखा सरकतो. इथे काय व्हायचं, शरीर पुढे जायचं आणि टाच वाळूत रुतायची. मधे सापडायचा गुडघा. मी बोटांवर मोजायला लागलो तर बोटं संपली. एकदा तो असाच झोकला, विंगरने बॉल अलगद बाजूला घेतला आणि गोल केला. प्रेक्षकांनी शिट्ट्या वाजवल्या. आन्सेल्मो उठून वाळू झटकत राहिला, मान वर केली नाही.

मला माझीच चीड आली. सहा आठवडे मी पाण्याचा नळ उघडा ठेवून फरशी पुसत होतो.

दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, "नो स्लाइड. स्लाइड बंद."

त्याचं इंग्लिश माझ्या स्पॅनिशपेक्षा थोडंच बरं होतं. तो म्हणाला, "मी डिफेंडर. स्लाइड माझं काम. तू सुताराला सांग, रंधा बंद."

मग त्याने हळूहळू सांगितलं. उत्तर स्पेनमधल्या एका बंदराच्या गावात बाप जहाजं बांधायच्या यार्डात कामाला. हा सोळाव्या वर्षी क्लबमध्ये लागला. तिथे बारा महिने पाऊस, मैदान म्हणजे चिखल. त्या चिखलात घसरून बॉल काढायचा, हेच त्याचं नाव झालं. बहुतेक वर्षं सेकंड डिव्हिजन, एकच सीझन फर्स्ट डिव्हिजन. मग गुडघ्यातली गादी फाटली. दोन हाडांच्या मधे रबरासारखी एक चकती असते, तिला मी गादी म्हणतो. ती ऑपरेशन करून काढली. पाय प्लास्टरमध्ये असताना घरी क्लबचं पत्र आलं, आता तुमची गरज नाही.

"पत्र बायकोने वाचून दाखवलं," तो म्हणाला. "फुटबॉल मला सोडायचा आहेच. पण मी सोडणार. परत कोणी पत्र द्यायचं नाही."

एवढं बोलून तो परत छताकडे बघायला लागला. मी उगाच टेप गुंडाळत बसलो.

अबू खालिदला जाऊन म्हणालो, "तीन आठवडे याला खेळवू नका. सीझनची शेवटची मॅच खेळेल."

"आणि त्या मॅचनंतर गुडघा सुजला तर?"

"तर तिकीट काढा. माझंही काढा."

हे दुसरं वाक्य कुठून आलं, देव जाणे. बायकोला घरी जाऊन सांगितलं तर ती म्हणाली, "तुम्हाला कोणी विचारलं होतं का?" कोणीच विचारलं नव्हतं. पण आता शब्द देऊन झाला होता.

सूज उतरवणं माझ्या हातात होतं. अठरा वर्षांची सवय उतरवायचं मशीन माझ्याकडे नव्हतं. पहिल्या शुक्रवारी तो जुफैरच्या आपल्या फ्लॅटवर एकटाच भिंतीकडे बघत बसेल, म्हणून त्याला सलमाबादला घेऊन गेलो. खरं सांगतो, डोक्यात प्लॅन वगैरे काही नव्हता. मला कबड्डी चुकवायची नव्हती.

पोरांनी त्याला खुर्ची दिली, चहा दिला आणि पाच मिनिटांत आन्सेल्मोचा अण्णा करून टाकला. अण्णा दोन तास पापणी न हलवता बघत होता. विशेषतः दत्तारामकडे. दत्ताराम गुहागरचा, क्रेन ऑपरेटर, वय चाळीस, अंगाने काडी, आणि उजव्या कोपऱ्यावरून आख्ख्या सलमाबादला ऐकत नसे. समोरून चढाई करणारा कितीही नाचला तरी हा ढिम्म. त्याने पाय टाकला रे टाकला की पकडलाच.

"हा माणूस का थांबतो?" आन्सेल्मोने मला विचारलं.

"तूच विचार," मी म्हणालो.

पुढच्या शुक्रवारी तो बूट काढून आत शिरला. गुडघ्याला मी घट्ट पट्टी बांधली आणि अट घातली, जमिनीवर पडायचं नाही, पायात सूर मारायचा नाही, नुसतं उभ्याने अडवायचं. क्लबच्या डॉक्टरांना कळलं असतं तर माझं काही खरं नव्हतं. दत्तारामने चढाई केली. आन्सेल्मो झेपावला, बाद. परत आला, परत झेपावला, परत बाद. सहा-सात वेळा हेच. पोरं हसून लोळत होती. दत्ताराम हसला नाही.

"डॉक्टर, याला सांगा," तो म्हणाला. मी डॉक्टर नाही हे सलमाबादला कोणी कधी मानलं नाही. "तू आधी हललास म्हणून मेलास. माझ्या पायाकडं बघतोस कशाला? पाय काय, फसवायलाच असतात. कमरेकडं बघ. कंबर जाईल तिकडंच मी जाणार."

मी जमेल तसं इंग्लिशमध्ये सांगितलं. आन्सेल्मोने दोन वेळा विचारून घेतलं. मग परत उभा राहिला, डोळे दत्तारामच्या कमरेवर. दत्ताराम डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला, पाय पुढे करून मागे घेतला. आन्सेल्मो थरथरत होता पण हलला नाही. शेवटी दत्तारामला श्वास पुरेना आणि तो घाईने आत आला. आन्सेल्मोने त्याला उभ्याउभ्या मिठी मारून उचलला. चौतीस वर्षांचा माणूस लहान मुलासारखा ओरडला. दत्तारामला खाली ठेवायचं त्याला कितीतरी वेळ सुचलंच नाही.

पुढचे दोन आठवडे क्लबमध्ये रोज हाच अभ्यास. बॉल घेऊन पोरं अंगावर यायची आणि हा थांबायचा. कोच वैतागला. "हा टॅकल करतोय का बसची वाट बघतोय?" मी म्हणालो, थांबा जरा.

शेवटची मॅच आमच्याच मैदानावर, त्याच बुटक्या विंगरच्या टीमशी. हरलो असतो तर आम्ही खालच्या डिव्हिजनला गेलो असतो. सलमाबादची कबड्डी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा बंद. दोन पिकअप भरून पोरं आली. त्यांतल्या निम्म्यांना फुटबॉलचे नियम माहीत नव्हते.

मी पुन्हा बोटांवर त्याच्या स्लाइड मोजायला बसलो होतो. पहिल्या हाफमध्ये एकही नाही. दुसऱ्या हाफमध्ये आमचा एक गोल झाला. मग शेवटच्या मिनिटांत आमचे बाकीचे सगळे दुसऱ्या गोलच्या हावेने पुढे गेलेले असताना विंगरला बॉल मिळाला. त्याच्या समोर फक्त आन्सेल्मो आणि मागे गोलकीपर. आन्सेल्मोचा उजवा पाय मागे गेला. झोकून द्यायच्या आधी तो असाच मागे जायचा.

"थांब, अण्णा!" दत्ताराम केकाटला.

ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण पाय जागेवर आला. गुडघे वाकवून, दोन्ही हात पसरून तो उभा राहिला, हुबेहूब उजव्या कोपऱ्यावर राहावं तसा. विंगरने पाय फिरवले, खांदे हलवले. हा ढिम्म. विंगर कंटाळला आणि उजवीकडून निघाला. आन्सेल्मोने एक पाऊल टाकलं, फक्त एक, आणि बॉल त्याच्या पायात होता. तो उभा होता आणि पँटला वाळूचा कण नव्हता.

मॅच आम्ही जिंकलो. पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं तेव्हा मी ओरडत होतो, "अरे, उजवा पाय सांभाळा."

शनिवारी सकाळी अबू खालिद स्वतः आला. मी टेप लावली, आधी डावा गुडघा, मग उजवा. दोन्ही सारखे. खात्री पटेना म्हणून त्याने टेप माझ्या हातातून घेतली आणि स्वतः मोजलं. मग आन्सेल्मोकडे बघून म्हणाला, "इंशाल्ला, अजून दोन सीझन." आन्सेल्मोने तोंडावर टॉवेल ओढून घेतला. त्याच्या खालून तो रडत होता हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

तो दोन सीझन खेळला. मग एक दिवस क्लबच्या ऑफिसात गेला आणि टेबलावर पत्र ठेवलं. स्वतः लिहिलेलं. मी त्याचं इंग्लिश तपासून दिलं होतं.

दोन्ही गुडघे सारखे भरले त्या शनिवारी फाइल भरताना "ट्रीटमेंट" या रकान्यात मी प्रामाणिकपणे "कबड्डी" लिहिलं. अबू खालिदने ते वाचलं आणि विचारलं, हे कुठल्या कंपनीचं मशीन. मी सांगितलं, कुठल्या कंपनीचं नाही. शुक्रवारी चारला सलमाबादला या, दाखवतो.

पुढे नोकरीत होतो तोवर एक नियम पाळला. पेशंट टेबलावर कसा पडतो ते नंतर बघायचं. आधी तो काम करतो तिथे जाऊन उभं राहायचं, मग भले आपली शिट्टी एक शुक्रवार खिशात राहिली तरी चालेल.