वरच्या बाईची अकरा वेळापत्रकं

दोन हजार पाच साल, आणि मी अडुसष्ट वर्षांचा. त्या साली इचिकावात माझ्या मुलाच्या वरच्या मजल्यावर जी बाई राहात होती, तिच्याइतकी वेळापत्रकं साऱ्या जपानच्या रेल्वेनं मिळूनसुद्धा काढली नसतील. रेल्वे निदान एकदा काढलेल्या वेळापत्रकाप्रमाणे गाडी सोडते. हिची गाडी सुटलेली कुणी पाहिली नव्हती, पण वेळापत्रक मात्र आठवड्याला तीन या हिशेबानं तयार.

मी तीन महिन्यांच्या व्हिसावर आलो होतो. मुलगा कॉम्प्युटरवाला, हिचा नवराही कॉम्प्युटरवाला. दोघं सकाळी टाय बांधून जायचे ते रात्री जेवण गार झाल्यावर उगवायचे. माझी सून योकोहामाला नोकरीला. त्यामुळं दुपारी त्या इमारतीत मराठी बोलणारे आम्ही दोघंच. ही कावासाकीला एका ऑफिसात अर्धवेळ काम करून दोनच्या सुमारास परत यायची आणि तडक आमची बेल वाजवायची. आत येता येता माझं मनगट पकडायचं, घड्याळाकडं बघायचं आणि ओठांतल्या ओठांत मोजायचं, ही तिची नमस्काराची पद्धत. "आबा, आज एकशे चार आहे." दुसऱ्या दिवशी बावन्न. मी म्हटलं, पोरी, माझी नाडी अशी उड्या मारत असती तर मी विमानात बसलोच नसतो. त्यावर ती गंभीरपणे म्हणाली, "तुमची बरोबर असेल हो, माझं मोजणं अजून कच्चं आहे." आणि पुन्हा मोजलं. ते सत्तर आलं, ते तिनं वहीत लिहिलं.

तिला नर्स व्हायचं होतं. बाई पुण्याची, बी.कॉम.; बेडकाचं पोट कुठं असतं हेही ठाऊक नाही. पण तिची मुलगी झाली तेव्हा बाळंतपणात ती इथल्या हॉस्पिटलात आठ दिवस पडून होती. कुठं दुखतंय हे सांगायला शब्द नव्हते. तेव्हा एक नर्स ड्यूटी संपल्यावर कागद-पेन्सिल घेऊन तिच्या खाटेशी बसायची, माणसाचं चित्र काढायची आणि कुठं, कुठं, असं बोटानं विचारायची. ही गोष्ट तिनं मला एकदाच सांगितली, आणि सांगून झाल्यावर लगेच डबा धुवायला उठली.

आता नर्सिंगच्या शाळेची परीक्षा द्यायची तर आधी चार विषय पुरे करायचे होते: जपानी, जीवशास्त्र, रसायन आणि गणित. स्टेशनाजवळ संध्याकाळी सहा ते आठ वर्ग. आठ आठवड्यांचं एक सत्र उन्हाळ्याआधी, दुसरं पावसाळा सरल्यावर, आणि शाळेची परीक्षा थंडीत. बाईनं ठरवलं, चारही विषय पहिल्याच सत्रात. का, तर नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट एकेका वर्षानं वाढतं. पुढचं वर्ष इथं मिळेल की नाही, काय सांगावं. आणि मग वेळापत्रकं सुरू झाली.

तिला आखलेल्या चौकटी फार प्रिय. नगरपालिकेचं कचऱ्याचं कॅलेंडर घरोघर येतं, कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा त्याचं. त्याच्या चौकटी तिला इतक्या आवडल्या, की पहिलं वेळापत्रक तिनं त्याच्यावरच लिहिलं. जळणाऱ्या कचऱ्याच्या लाल चौकटीत जीवशास्त्र, बाटल्यांच्या निळ्या चौकटीत रसायन. दोन दिवसांत तिनं जीवशास्त्राच्या दिवशी बाटल्या बाहेर नेऊन ठेवल्या. समोरच्या इमारतीतल्या एका आजीबाईंनी पिशवीवर चिठ्ठी चिकटवून ती तिच्या दारात आणून ठेवली, कमरेत तीनदा वाकल्या आणि गेल्या. तिची चार वर्षांची मुलगी जपानीच बोलायची. ती रसायनाचं पुस्तक दिसलं की "बाटल्या, बाटल्या" असं जपानीतून ओरडायची. एवढं जपानी मलाही कळायला लागलं होतं.

मी चौथीतून शाळा सोडली. शाळेनं मला काढलं नाही, मी सोडली, हे सांगून ठेवलेलं बरं. पण छत्तीस वर्षं घाटातून एसटीची लाल गाडी हाकली आहे, तेव्हा वेळापत्रक कशाला म्हणतात ते मला शिकवायला कॉलेजवाल्यांची गरज नाही. ती प्रत्येक नवा कागद माझ्यासमोर पसरायची आणि मी चष्मा लावून तपासायचो. सहाव्या कागदावर आंघोळीला सात मिनिटं होती. आठव्यावर झोपच नव्हती.

"झोप कुठाय?"

"ती मी ट्रेनमध्ये घेते, आबा. कावासाकीहून येताना पन्नास मिनिटं मिळतात."

"उभ्यानं?"

"कडी धरून. सगळेच घेतात."

मी सांगितलं, एका ड्रायव्हरला एका दिवसात घाटाच्या चार फेऱ्या लावल्या, की तिसरीला गाडी जाते आणि चौथीला ड्रायव्हर. आत्ता दोन विषय, मंगळवार-गुरुवार. पावसाळ्यानंतर दोन. मधे गाडी थंड होऊ द्यायची. ती मान हलवायची, वर जायची आणि दोन दिवसांनी चार विषयांचा नवा कागद घेऊन यायची, या खेपेस हिरव्या शाईनं.

पण खरी खोट दुसरीच होती, आणि ती अकराही कागदांवर होती. मुलीचं पाळणाघर साडेसहाला बंद व्हायचं. त्या वेळेच्या चौकटीत तिनं सुवाच्य अक्षरात लिहिलेलं असायचं: 'बाबा आणतील.' जपानात कॉम्प्युटरवर काम करणारा माणूस सहा वाजता उठून मुलीला आणायला जातो, असं कागदावर लिहिणारी बाई मी तरी दुसरी पाहिली नाही. साहेब बसलेला असताना जागेवरून उठायचं नाही, हा तिथला रिवाज. आणि साहेबाचा साहेबही बसलेला असतो. मी दर खेपेला त्या चौकटीवर बोट ठेवायचो. "फेरी लावलीस, पण ड्रायव्हर दुसऱ्या डेपोत अडकलाय." ती म्हणायची, "ते म्हणालेत, पुढच्या महिन्यापासून जमवतो." नवरा खोटं बोलत नव्हता बिचारा. त्यालाही ते खरंच वाटत होतं.

हे बोट ठेवणारा माणूस स्वतः दिवसभर गॅलरीत बसून समोरच्यांच्या वाळत घातलेल्या गाद्या मोजत होता, हे तिनं मला एकदाही ऐकवलं नाही. मला ते कळत नव्हतं अशातला भाग नाही. पण कोपऱ्यावरच्या कन्व्हिनियन्स स्टोअरच्या पुढं मी एकटा कधी गेलो नव्हतो. पुढं सगळ्या पाट्या, आणि एकही मला वाचता येत नव्हती. मराठी पाटीसुद्धा मी थांबून थांबून वाचतो. हे मुलाला माहीत नव्हतं, सुनेला नव्हतं; ते या बाईला कशाला सांगू?

शुक्रवारी फॉर्म भरायची मुदत. गुरुवारी संध्याकाळी ती मुलीला घेऊन खाली आली, माझ्या सुनेचा डबा परत द्यायला. डबा ठेवला. मनगट धरलं नाही. हातात कागद नाही, असं पहिल्यांदाच झालं होतं.

"अकरावं कुठाय?"

"वर आहे. यंदा राहू दे, आबा. त्यांचं खरंच जमणार नाही. काल बोलले."

"कागद आण."

"आता कशाला?"

"आण म्हणतो ना."

ती घेऊन आली. 'बाबा आणतील' खोडरबरानं खोडलेलं होतं. चौकट रिकामी, कागद तिथं जरा मळलेला. मी पेन्सिल मागितली आणि सोमवार-बुधवारवर आडवी रेघ मारून टाकली. मंगळवार आणि गुरुवारच्या चौकटीत सावकाश लिहिलं: आबा. दोनदा. लिहायला वेळ लागला.

मग ती म्हणाली, "पाळणाघरात तुमचं नाव द्यावं लागेल. फोटोही."

"दे."

"रस्ता माहीत आहे ना तुम्हाला?"

"छत्तीस वर्षं रस्ता कुणी दाखवला होता मला?"

माझं परतीचं तिकीट आणि तिच्या पहिल्या सत्राची परीक्षा एकाच आठवड्यात होती. पावसाळ्यानंतर त्या चौकटीत कुणाचं नाव लिहायचं, हे तिनं विचारलं नाही, आणि मीही तो विषय काढला नाही. तिनं माझं मनगट धरलं, मोजलं. "अठ्ठ्याण्णव," म्हणाली. त्या दिवशी तिचं मोजणं बरोबर असावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा आणि सून गेल्यावर मी बूट घातले आणि कोपऱ्यावरचं स्टोअर मागं टाकून चालू लागलो. नव्या मार्गावर गाडी घालायच्या आधी आम्ही रिकामी फेरी मारायचो, तशी. पाट्यांकडं बघितलंच नाही; एकदा तिच्याबरोबर मुलीला आणायला गेलो होतो, तेव्हाच्या खुणा धरल्या. पेयांचं लाल मशीन आलं की डावीकडं, सायकलींच्या रांगेनंतर रेल्वेचं फाटक, फाटकापलीकडं कापलेलं झाड, आणि झाडासमोर कागदी मासे टांगलेलं पाळणाघराचं दार. दारापाशी उभा राहून घड्याळ बघितलं. चौदा मिनिटं. परत आलो, आणि फिरून एकदा गेलो.