दहा मोजून उरलेली

मी माफ केलेलं नाही, हे आधीच सांगते.

कॅनडात, बर्नाबीतल्या आमच्या कम्युनिटी सेंटरात आई दर शनिवारी मुलांना फुकट गणित शिकवायची. नागपूरला जन्मभर हेच केलं. इथे आल्यावर तिचं म्हणावं असं एवढंच उरलं होतं. मोजते मात्र मराठीत. 'फोर्टी-टू' ऐकलं की मनात बेचाळीस, म्हणजे बे आधी, चाळीस नंतर; म्हणून बोर्डावर आधी दोन, मग त्याच्या डावीकडे चार. मुलांना गंमत वाटायची. सेंटर चालवणाऱ्या बाईंना नाही. सगळ्या वर्गासमोर हसून म्हणाल्या, "इथे आम्ही सरळ मोजतो. मुलं बॅकवर्ड व्हायला नकोत." पुढच्या शनिवारी आईचा वर्ग बंद.

आई म्हणाली, "जाऊ दे ना बाई, काहून डोकं तापवतेस?"

तापवणारच! घरभाडं, बसचं तिकीट, सगळ्यांवर पत्रकं काढणारी मी आईसाठी गप्प बसू?

बाईंच्या टेबलावर लाकडी बुटांची जोडी. वडील हॉलंडचे, हे कोणी विचारो न विचारो सांगणार. मग काय, लायब्ररीत बसून डच आकडे खणून काढले. बेचाळीसला ते म्हणतात 'ट्वे-एन-फेर्तिख': दोन आणि चाळीस. जर्मनांचंही तेच. इंग्रजसुद्धा पूर्वी 'फोर अँड ट्वेंटी' म्हणायचे. दीडला डचमध्ये 'आंडरहाल्फ', म्हणजे पहिला पूर्ण, दुसरा अर्धा. आपल्या 'दीड'च्या मुळाशीही हेच. आणि अकरा? 'एल्फ'. दहा मोजून उरलेला एक. इंग्रजी 'इलेव्हन'ही त्याच घरातला. तिथे माझं बोट थांबलं. आपले दहा मोजून घ्यायचे, बाकीचे उरलेले. माझी आई उरलेली.

सेंटर सगळ्यांना खुलं असतं त्या ओपन हाउसला बाईंचे वडील आले. मी गोड आवाजात म्हटलं, "आजोबा, लहानपणी मोजायचात तसं मनात मोजून फोर्टी-टू लिहाल?" म्हातारा खूश. ओठ हलले, मार्करने आधी दोन काढला. मग डावीकडे चार.

"मिस, ही डझ इट टू!" पोरं ओरडली.

बाईंचा चेहरा उतरला. मी डच आकड्यांची पत्रकं वाटायला घेतली.

कॉरिडॉरमध्ये मला गाठून म्हणाल्या, "सॉरी, आय डिडन्ट मीन इट."

"मला कशाला सॉरी? आणि अपमान काय कॉरिडॉरमध्ये केला होतात?"

शेवटी बाईंना आईची माफी त्याच खोलीत, त्याच मुलांसमोर मागावी लागली. म्हातारा पहिल्या रांगेत बसून ऐकत होता. शनिवारचा वर्ग पुन्हा सुरू झाला.

बाईंच्या ऑफिसच्या दारासमोरच्या नोटीस बोर्डावर माझं एक पत्रक अजून आहे. वर मोठ्या अक्षरांत 'एल्फ', खाली अर्थ. ते कधी काढणार, असं त्या विचारत असतात. परवा आईही म्हणाली, "मिळाला ना वर्ग? काढ आता ते."

नाही काढलं. आईनं माफ केलं असेल, तो तिचा स्वभाव. पत्रक माझं आहे.