डिकीवरची अक्षरं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगतोय—असंच असावं.

आमची गाडी जुनी. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, रिटायर झाल्यावर सेकंडहँड घेतलेली. मूळचा मरून रंग, पण मुकुंदवाडीच्या उन्हात विटून पार गुलाबी पडलेला. आबांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांनी नंबरप्लेटवाल्याकडून स्टीलची अक्षरं करून घेतली होती—'जय भीम'. डिकीवर दोरा धरून, सरळ रेषेत, स्वतः चिकटवली. गाडी पुसताना आधी अक्षरं, मग काचा.

आबांचे गुडघे गेले, गाडी माझ्याकडं आली. मी भाड्यानं फ्लॅट शोधत होतो. आमचं आडनाव कुठंही खपतं. एका ठिकाणी बोलणं पक्कं झालं, घरमालक खाली सोडायला आले, त्यांची नजर डिकीवर गेली—आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा भाचा तिथं राहायला येणार होता. पुढच्या ठिकाणीही तसंच.

आता घरमालकांकडं बोट दाखवता येईल. पण खरं सांगू? एका दुपारी मी बायकोचा हेअर ड्रायर घेऊन गाडीमागं बसलो, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं होतं. मला त्या अक्षरांची लाज वाटत होती. किती वर्षांपासून—कुणास ठाऊक.

अक्षरं तापवली, मागून नायलॉनची दोरी ओढली. अलगद निघाली. कागदात गुंडाळून घंटागाडीत टाकली. मग गोंद पुसला—आणि बघतच राहिलो. अक्षरांखाली ऊन पोचलंच नव्हतं. गुलाबी डिकीवर गडद मरून, आधीपेक्षा ठसठशीत, जय भीम. घासघास घासलं. रंग असा जातो का? शेवटी गाडी लांब, पाठ भिंतीला लावून उभी केली आणि फ्लॅट बघायला चालत गेलो. फ्लॅट मिळाला.

आबांना काय सांगणार? म्हणालो, सोसायटीच्या पार्किंगमधून कुणीतरी उखडून नेली.

आबा खचले—माझ्या काळजीनं. "लई जपून राहा रे तिथं," एवढंच म्हणाले. वॉचमननं केलं असा त्यांना संशय. त्या गरीब माणसाच्या रामरामाला ते आजही उत्तर देत नाहीत. पुढं नवी अक्षरं करून आणली. या खेपेला दोरा लागलाच नाही, जुन्या खुणेवर बरोब्बर बसली. मी शेजारी उभा होतो. तेव्हा तरी बोलायचं ना? नाही बोललो.

अक्षरं अजून आहेत. आणि मी अजून गाडी पाठ भिंतीला चिकटवूनच लावतो. सोसायटीत, ऑफिसात, मुलीच्या शाळेतसुद्धा.

परवा आबांनी ते पाहिलं. डिकी आणि भिंतीच्या फटीत हात घालून बघितला. जाईना. खूश होऊन त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"असंच लावत जा. आता नाय पोचत कुणाचा हात."

मी म्हणालो, "व्हय, आबा."