तिचे डोळे लाल नव्हते

मागल्या हिवाळ्यात आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनाला एक संमोहनवाला आणला होता. त्यानं नववीच्या पोरांना स्टेजवर घेऊन कच्चं वांगं पेरू म्हणून खायला लावलं. कार्यक्रम संपल्यावर तो मागच्या वर्गात चहा घेत बसला होता. मी आत जाऊन दार लोटून घेतलं.

"एखाद्याच्या मनात नसताना हे करता येतं का?"

"सर, ज्याला यायचंच नाही, त्याला मी खुर्चीवरनं उठवूसुद्धा शकत नाही. स्टेजवर येतात ते घरूनच अर्धे आलेले असतात."

"पण एखादी पूड, एखादा मंत्र?"

"तसलं काही असतं, तर तुमच्या अध्यक्षांचं भाषण मी आधी आटोपतं घेतलं नसतं का?"

मी हसलो. पण त्या दिवसापासून मला एका जागी बसवेना. मला त्याच्याकडून उलटं उत्तर पाहिजे होतं. खरं उत्तर मला तरुणपणापासूनच माहीत होतं.

आमचं गाव वालूरजवळ. ज्वारी निघाली की दरवर्षी एक मेंढपाळ कुटुंब आमच्या रानात मेंढरं बसवायला यायचं. रात्री मेंढरं रानात बसायची, लेंडीखत पडायचं, बदल्यात आम्ही ज्वारी द्यायचो. त्यांचा थोरला मुलगा बारावी झालेला, जालन्याला कुठं तरी कामाला लागलेला. माझ्या धाकट्या बहिणीचं आणि त्याचं जमलं होतं, हे आई-आबांना ठाऊक नव्हतं, घरात फक्त मला माहीत होतं. तिनंच सांगितलं होतं.

एका सकाळी ती म्हणाली, "दादा, मला देवगाव फाट्यावर सोड. मी जायलेय."

"विचार केलास का?"

"दोन उन्हाळे केला. तू गाडी काढ."

मी गाडी काढली.  फाट्यावर उतरल्यावर तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, "आबांना लगेच सांगू नको." जालन्याची बस आली, ती चढली. इतकं शांत, सरळ बघणारं माणूस मी फार थोड्या वेळा पाहिलंय.

आठवड्याच्या आत चुलत्यांनी तिला शोधून परत आणलं. तोवर गावात ठरून गेलं होतं की पोरीला मोहिनी घातली. आईच्या दृष्टीनं ते बरंच होतं. पोरगी गेली म्हणण्यापेक्षा नेली म्हणणं सोपं. आबांनी मोहिनी उतरवणारा एक जाणता बोलावला. त्याची रीत अशी, की रक्ताच्या माणसानं मागं बसून दोन्ही खांदे धरायचे, आणि जाताना तिला ज्यानं शेवटचं पाहिलं त्यानं ती कशी दिसली ते सांगायचं. खांदे मी धरले होते.

"कुणी काय खाऊ घातलं?" जाणत्यानं तिला विचारलं.

"कुणी न्हाई. मी माझ्या मनानं गेलते."

"बघा," तो आबांकडं वळून म्हणाला, "ही न्हाई बोलत. मोहिनी बोलायली."

तिनं तीनदा तेच सांगितलं आणि दर वेळी बायकांचा हुंदका मोठा झाला. मग त्यानं विचारलं, "शेवटचं कुणी बघितलं हिला?"

आबांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. ती माझ्यावर आली तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "मी. वेशीजवळ. हाक मारली तर ओळख दिली न्हाई. डोळे लाल होते."

माझ्या हाताखालचे खांदे आधी ताठ झाले, मग सैल पडले. तिनं मान वळवून माझ्याकडं पाहिलं. एक शब्द बोलली असती, की हाच मला सोडून आला, तर आबांनी मला उभा चिरला असता. ती बोलली नाही. लिंबू कापलं, बाहेर फेकलं. पोरगी बरी झाली असं सगळ्यांनी धरलं.

पुढच्या साली मेंढरं गावाच्या शिवेवर अडवली. त्या मुलाचा बाप आबांच्या ओट्याखाली उभा राहून म्हणाला, "आबा, आमच्याकडं मंत्र असता तर मेंढरं रोगानं मरू दिली असती का?" आबा आत निघून गेले. मी खिडकीत होतो. त्यानंतर त्यांची मेंढरं आमच्या शिवारात कधी बसली नाहीत.

बहीण राणीसावरगावकडं दिली. सोयरीक जमवताना मोहिनीची गोष्ट सांगूनच दिली, म्हणजे तिचा दोष नाही असं व्हावं. दोष नाही राहिला. पण तिथं तिच्या बोलण्याला वजनही नाही राहिलं. म्हैस विकू नका म्हणाली तरी, "हिला लवकर भूल पडती, हिचं काय ऐकता." बाजारला एकटी कधी पाठवली नाही. मी दिवाळीला जायचो, ओवाळून घ्यायचो, संध्याकाळच्या बसनं परत फिरायचो.

या उन्हाळ्यात तिचा फोन आला. तिची मुलगी परभणीत नर्सिंगला आहे. घरच्यांनी बघितलेलं स्थळ तिनं नाकारलं, सोबतच्या एका मुलाशी लग्न करायचं म्हणते. घरात जाणता बोलवायचं चाललंय. "दादा, आता तरी बोल," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

मी गेलो. ओसरीवर दाजी, त्यांचे काका, दोन भावकीतले. काका म्हणत होते, "आईच्या वळणावर गेली. भूल पडायची जागा रक्तातच हाय." भाची खांबाला टेकून बसली होती, फोनकडं बघत.

मी सगळं सांगितलं. गाडी, फाटा, बस, आणि डोळे लाल नव्हते हे. 

 काका म्हणाले, "मास्तर, येताना वाटेत चहा घेतला का? कुणाच्या हातचा?"

भावकीतले हसले. "आता मास्तरांवरनं पण एक लिंबू उतरवा."

मी परत परत सांगू लागलो आणि दर शब्दाला त्यांचं हसू वाढू लागलं. मी मागं खांदे धरून बसलो तेव्हा तिचं खरं बोलणं जसं खोटं ठरलं होतं, तसंच आता माझं ठरत होतं.

"चहा मीच दिलाय त्याला," बहीण दारातून म्हणाली. मग दाजींकडं वळून, "तुमी विचारा मला. आजवर विचारलंच न्हाई तुमी."

दाजी कमी बोलणारे. त्यांनी तंबाखूची पुडी घडी करून खिशात ठेवली. "मनानं गेलतीस?"

"गेलते."

"मंग आलीस का?"

"आणलं म्हणून."

ओसरीवर कुणी हसलं नाही.  दाजींच्या मनात काय चाललं होतं, मला आजही सांगता येणार नाही. शेवटी ते म्हणाले, "काका, जाणता राहू द्या. पोरीला मीच विचारतो." भाचीनं फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

लग्नाचं पुढं काय होईल ठाऊक नाही. निघताना बहीण फाटकापर्यंत आली.

"त्या दिवशी तुझी जीभ कुणी बांधली होती का, दादा?"

"न्हाई."

"पूड?"

"न्हाई. कुणी काही केलं न्हवतं."

"तेच ऐकायचं होतं," ती म्हणाली आणि फाटकाची कडी लावून आत गेली.