चमच्यावरचा तिळगूळ

आमच्या ह्यांना कुठलीही गोष्ट अर्धी ऐकायची आणि पुरती पाळायची खोड आहे. एरवी मी त्यावरून त्यांना चिडवते. त्या हिवाळ्यात मात्र चिडवायची सोय राहिली नाही.

लेक दुसरीत होती. एक्झिमा तिला जन्मापासूनचाच, पण त्या वर्षी फारच उठला. कोपराच्या आतल्या बाजूला, गुडघ्यामागं कातडी फुटून पिवळं पाणी यायचं. शाळेत बाकावर तिच्या शेजारी कुणी बसेना.

नवी पेठेतल्या डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना समजावलं. "जंतू मारायचं औषध आपली कातडी स्वतःच बनवत असते. हिच्या कातडीत ते कमी पडतं, आणि वरचा थरही कच्चा आहे. त्यामुळं तुमच्या-माझ्या नाकात, हातावर गुमान राहणारे जंतू हिच्या अंगावर ठाण मांडतात. हिचा एक्झिमा कुणाला लागत नाही. आपले जंतूच हिला बाधतात."

तेवढ्यात ह्यांना चादरीच्या कारखान्यातून फोन आला आणि हे उठून बाहेर गेले. पुढचं मी एकटीनं ऐकलं. "म्हणून तिला लांब ठेवू नका हं. हात धुवा, मलम लावा, आणि खुशाल जवळ घ्या."

घरी येऊन मी ते परत परत सांगितलं. "तुजं काय, तू माजं मन राखायला सांगतीस," हे म्हणाले. त्या दिवसापासून लेकीचा मुका बंद, दंडावर घेऊन निजवणं बंद. ती धावत आली की हे दोन्ही हात मागं घ्यायचे. मग मोरीत जाऊन डोळे पुसायचे, ते मला दिसायचं. तिला नुसते मागं गेलेले हात दिसायचे.

पुढं पुढं कारखाना सुटायची वेळ झाली की ती स्वेटर चढवून बाह्या बोटांपर्यंत ओढून बसायला लागली. विचारलं तर थंडी वाजते म्हणायची.

संक्रांतीला ह्यांनी कोपरापर्यंत साबण लावून हात धुतले. सणाला तरी पोरीला जवळ घेणार होते. तिनं मला मुठीतून तिळगूळ दिला, पाया पडली. ह्यांच्यापुढं मात्र वाटी-चमचा घेऊन उभी राहिली. ह्यांनी दोन्ही हात पसरले तशी ती मागं सरली आणि चमचा लांबूनच पुढं धरला.

"घ्या की पप्पा," ती म्हणाली. "मी हात न्हाय लावला."